रोहिणीत छाटणी, मृगात लागवड : शोभेच्या बहुवर्षीय गवतांची निगा

शोभेच्या गवतांविषयी जे मार्गदर्शन सहज वाचायला मिळते, त्यातील बरेचसे बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतील बागांसाठी लिहिलेले असते. थंडीत गवत वाळले तरी ते तसेच उभे ठेवावे आणि थंडी सरता सरता, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते बुडख्यापाशी छाटावे, असा त्यातील ठरलेला सल्ला असतो. तिकडे तो बरोबरच आहे, कारण छाटणीनंतर लगेच ओली जमीन आणि सौम्य ऊन असे वाढीचे दिवस सुरू होतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बाग करणाऱ्या मराठी वाचकांनी तोच काळ पाळावा. आपल्याकडे मात्र मार्चनंतरचे तीन महिने कडक उन्हाचे असतात आणि बहुतेक गवतांचे खरे वर्ष जूनमध्ये सुरू होते.

पुण्याजवळच्या सात गुंठ्यांच्या मुरमाड जागेत मी ही गवते प्रथम लावली, तेव्हा मीही तो छापील सल्लाच पाळला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाचही बेटे छाटली, त्यांना पाणी दिले आणि पंधरा दिवसांत कोवळे फुटवे वर आलेले पाहून समाधानही मानले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या फुटव्यांची टोके करपली, मे महिन्यात बेटांचा उघडा पडलेला मध्यभाग राखाडी झाला आणि पाऊस सुरू झाल्यावर पाचांपैकी तीनच बेटे पुन्हा फुटली. पाणी नेमाने दिले होते, खतही घातले होते. चुकली होती ती छाटणीची वेळ.

याचे कारण गवताच्या घडणीत आहे. पाऊस संपून तुरे येऊन गेले की गवत पानांतील अन्नरस हळूहळू बुडख्यात आणि मुळांत उतरवून ठेवते आणि वरची पाती वाळू देते. ही वाळलेली पाती निरुपयोगी दिसत असली तरी मार्च ते मे या काळात बुडख्यावर त्यांचीच सावली असते. ती अकाली काढून टाकली आणि वर पाणी दिले, तर गवत साठवलेला अन्नरस खर्चून फुटवे काढते, ते फुटवे उन्हात जळतात आणि पावसाळा येईपर्यंत गाठीशी काही उरत नाही. म्हणून वाळलेले गवत पाहून हात शिवशिवले तरी मे महिना संपत येईपर्यंत त्याला विळा लावू नये.

शेतकऱ्यांचे नक्षत्रांचे कोष्टक या कामासाठी इंग्रजी महिन्यांपेक्षा अधिक सोयीचे वाटते. साधारण २५ मे रोजी रोहिणी लागते. त्या दोन आठवड्यांत छाटणी उरकावी. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो. एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की नवी लागवड आणि जुन्या बेटांची विभागणी करावी, आणि मृग कोरडा गेला तर आर्द्रापर्यंत थांबावे. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागेपर्यंत बहुतेक गवतांना तुरे आलेले असतात. कोकणात वळवाच्या सरी लवकर येत असल्याने छाटणी मेच्या मध्यावरच करावी, तर विदर्भात ऊन जूनमध्येही ओसरत नसल्याने मृगाचा पहिला पाऊस प्रत्यक्ष पडल्यावरच छाटावे.

निवड करताना

रोपवाटिकेत गवत म्हणून जे विकले जाते, ते सगळे गवत नसते. माँडो ग्रास आणि लिरिओपी या बुटक्या, हिरव्यागार वनस्पती दिसायला गवतासारख्या असल्या तरी त्या शतावरीच्या कुळातील आहेत. छत्रीसारखी पाने असलेली अंब्रेला पाम ही लव्हाळ्याच्या कुळातील आहे. या तिन्ही वनस्पतींना सावली चालते, पाणी बारमाही लागते आणि खाली सांगितलेली वार्षिक छाटणी त्यांना लागू होत नाही. खऱ्या शोभेच्या गवतांना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत ती जगतात, पण लोळतात आणि त्यांना तुरे येत नाहीत.

खऱ्या गवतांत पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, गवत बेट धरून राहणारे आहे की जमिनीखालून धावणारे आहे. विक्रेत्याच्या उत्तरावर विसंबू नये. रोप कुंडीतून किंवा पिशवीतून अलगद उपसून मातीच्या गोळ्याकडे पाहावे. नुसती बारीक तंतुमुळे दिसली तर ते बेट धरणारे गवत आहे. पण पेन्सिलीच्या टोकासारखे अणकुचीदार, पांढरे, गाठी असलेले धुमारे गोळ्याभोवती फिरलेले दिसले, तर ते धावणारे आहे असे समजावे. ही परीक्षा मला उशिरा कळली. नदीकाठी शरदात पांढरेशुभ्र फुलणारे काशाचे गवत कुंपणाशी लावावे, असे माझ्या मनाने घेतले आणि ओढ्यातून आणलेला एक ठोंब मी लावला. पहिल्या वर्षी ते देखणे दिसले. दुसऱ्या पावसाळ्यात ते मूळ जागेपासून सहा फुटांवर, वाटेवर बसवलेल्या फरशांच्या सांध्यांतून वर आले. ते पुरते काढायला पुढची दोन वर्षे गेली, कारण जमिनीत राहिलेल्या बोटभर तुकड्यालाही पुन्हा कोंब फुटत असे. हीच चिवट वृत्ती उसाला मात्र उपकारक ठरली आहे. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले आणि तिथे याच काशाचा जाड उसाशी संकर करून काटक वाण निर्माण केले गेले. आज आपल्या शेतात उभ्या असलेल्या उसात काशाचे रक्त आहे. तरीही बागेत ते लावू नये. पांढरे पट्टे असलेला शोभेचा बोरू आणि लाल पात्यांचे जपानी ब्लड ग्रास यांनाही तोच इशारा लागू आहे. फार मन झाले तर ती जाड, बुडाला भोक असलेल्या कुंडीत लावून कुंडी फरशीवर ठेवावी.

महाराष्ट्राच्या हवेत निर्धोकपणे लावता येईल असे गवत एकच सांगायचे झाले, तर मी वाळा सांगेन. माठातल्या पाण्यात मुळ्या टाकण्यापलीकडे आपण त्याचा विचार करत नाही. परंतु पाच-सहा फूट उंचीचे, ताठ, कडेने किंचित झुकणारे त्याचे बेट कोणत्याही आयात गवताच्या तोडीस तोड असते. त्याची मुळे आडवी न पसरता तीन-चार मीटरपर्यंत सरळ खाली जातात, त्यामुळे शेजारच्या झाडांशी त्याची स्पर्धा होत नाही आणि उताराची माती धरून राहते. लागवडीतला वाळा ठोंबांपासून वाढवतात. तो बियांनी सहसा पसरत नाही. गवती चहाही असाच, फक्त उंचीने तीन फुटांच्या आसपास; वाटेच्या कडेला लावला की जाता-येता पात्याला हात लागून वास दरवळतो. हिरवट गुलाबी तुऱ्यांचे रोशा गवत खानदेशात रानात उगवते आणि त्याचे तेल काढतात. मुरमाड, कोरड्या जागेत तेही चांगले येते.

बाहेरच्या गवतांपैकी तांबूस-जांभळ्या पात्यांचे फाउंटन ग्रास आपल्याकडे सर्वाधिक लावले जाते. थंड देशांत हिमकणांनी मरते म्हणून ते एका हंगामापुरते लावतात. आपल्याकडे ते बहुवर्षीय राहते आणि पाणी मिळाले तर वर्षातून अनेकदा फुलते. त्याचा जांभळा वाण जवळजवळ वांझ असतो. हिरव्या पात्यांच्या मूळ जातीच्या बिया मात्र वाऱ्याने दूरवर जातात आणि अनेक देशांत ते उपद्रवी तण ठरले आहे, म्हणून हिरवे घेऊ नये. पम्पास हे दक्षिण अमेरिकेतील गवत आठ-दहा फुटांचे होते आणि त्याला कमीत कमी सहा फूट व्यासाची मोकळी जागा लागते. चारशे चौरस फुटांच्या अंगणात पम्पास लावणे म्हणजे दिवाणखान्यात हत्ती बांधणे आहे.

जागा, माती, लागवड

जागा ठरवताना सावलीप्रमाणेच प्रकाशाची दिशाही पाहावी. गवताचे सौंदर्य मागून येणाऱ्या उन्हात दिसते. आपण संध्याकाळी जिथे बसतो, त्याच्या पश्चिमेला बेट आले तर ऑक्टोबरमधील कलते ऊन तुऱ्यांतून आरपार येते आणि एरवी मळकट वाटणारा वाळ्याचा जांभळट तुरा तांब्याच्या तारेसारखा दिसू लागतो. तेच बेट पूर्वेच्या भिंतीला टेकवून लावले तर कोणाचे लक्षही जाणार नाही. मागे गडद हिरवी मेंदी किंवा काळ्या दगडाची गडगी असली तर उत्तम. पुढे तेरडा, झेंडू, अबोली यांसारखी बुटकी फुलझाडे शोभतात.

मातीचे लाड करू नयेत. या गवतांना हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन निघालेल्या मातीतच पाचवा हिस्सा कुजलेले शेणखत मिसळून भरावा. काळ्या कसदार जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून बुडखा कुजतो, म्हणून तिथे मुरूम मिसळून जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंच वरंबा करावा आणि त्यावर लावावे. कोकणातील अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसातही उंचवट्यावरच लावावे. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच ठेवावे. बुडख्यावर दोन बोटे माती चढली तरी आतील कोंब गुदमरतात. दोन बेटांमधील अंतर गवताच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके ठेवावे. सुरुवातीला जागा रिकामी वाटते, ती तेवढे वर्षभर तेरड्याने भरून काढता येते.

पहिली दोन वर्षे, मुळे खोल जाईपर्यंत, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात. तिसऱ्या वर्षापासून वाळा आणि रोशा यांना उन्हाळ्यात पाण्याची गरज जवळजवळ उरत नाही. फाउंटन ग्रास हिरवे राहावे असे वाटत असेल तरच त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, प्रत्येक बेटाभोवती एक घमेले शेणखत पुरते. युरिया टाकू नये; त्याने पाती लांब, मऊ आणि काळीभोर हिरवी होतात आणि श्रावणातल्या पहिल्या जोरदार सरीत सगळे बेट मधोमध फाटून चारी बाजूंना लोळते.

छाटणी

वाळलेल्या बेटात हात घालण्यापूर्वी लांब काठीने ते चारी बाजूंनी बडवावे आणि दोन मिनिटे दूर उभे राहावे. मे महिन्यात बागेतील सर्वांत गार, अंधारी जागा म्हणजे या बेटाचे बूड असते आणि तिथे सरडे, विंचू आणि क्वचित साप आसऱ्याला असतात. एकदा माझ्या बेटातून भली मोठी धामण निघाली होती. ती निमूट कुंपणाकडे गेली, पण त्या दिवसापासून काठी आपटल्याशिवाय मी विळा हातात घेतलेला नाही.

त्यानंतर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे घालावेत. गवताच्या पात्याच्या कडेला वाळूतील सिलिकाचेच सूक्ष्म दाते असतात आणि पम्पासच्या पात्याने कातडी अशी चिरते की रक्त दिसेपर्यंत कळत नाही; त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कॉर्टाडेरिया’ हा शब्दही कापण्याच्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरूनच आला आहे. बेटाला कमरेच्या उंचीवर सुतळीचे दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे त्याची पेंढी होते. मग खाली वाकून एका बाजूने विळ्याने मूठमूठ कापत जावे. जुन्या, जाड बेटाला धारदार कोयता किंवा दातेरी करवत लागते. शेवटच्या मुठीबरोबर सगळी पेंढी एकसंध हातात येते आणि अंगणभर काड्या वेचत फिरावे लागत नाही.

किती उंचीवर कापावे, याबाबत ऊस पिकवणाऱ्यांची हमखास चूक होते. उसाचा खोडवा राखताना बुडखे जमिनीलगत छाटतात, कारण उसाचे डोळे जमिनीत असतात. या गवतांचे नवे कोंब बुडख्याच्या वरच्या थरात, जमिनीच्या किंचित वर असतात आणि बेट जसे जुने होते तसा तो थर वर वर सरकतो. म्हणून लहान गवताला चार-पाच इंच आणि पम्पासला फूटभर बुंधा ठेवूनच छाटावे. छाटल्यावर उरलेल्या खुंटांमधील कुजकी, वाळलेली पाती हाताने ओढून काढावीत. बेट पेटवून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोपी असली तरी मे महिन्यातील वाऱ्यात ठिणगी कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि जुन्या बेटाचा मध्यभाग आतल्या आत धुमसून मरतो. कापलेला पेंढा फळझाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून वापरावा. तो बेटाच्या बुडाशी ढीग करून ठेवू नये, कारण तिथे वाळवी लागते.

फाउंटन ग्रासची एक जास्तीची छाटणी दिवाळीनंतर करता येते. ती निम्म्या उंचीवर, हलक्या हाताने करावी. पाण्याची सोय नसेल तर करूच नये.

बेट फोडणे

तीन-चार वर्षांनी बेटाचा मध्यभाग मरतो आणि कडेने हिरवे कडे उरते, मेदूवड्यासारखे. रोग समजून पुष्कळ जण यावर औषध फवारतात. वास्तविक ती विभागणीची खूण असते. छाटणी होऊन आठ-दहा दिवसांनी, पाऊस पडून गेल्यावर, बेटाभोवती वीतभर अंतरावरून कुदळीने चर घ्यावा आणि पहारीने ते उचकटावे. पम्पासचे किंवा वाळ्याचे जुने बेट दोन माणसांचे काम आहे आणि कुऱ्हाडीला लाजायचे कारण नाही. वरून दोन-तीन घाव घालून त्याचे चतकोर करावेत. मधला मेलेला भाग टाकून द्यावा आणि कडेच्या भागाचे पाच-सात फुटव्यांचे ठोंब करावेत. एकेक फुटवा सुटा लावला तर तो जगतो, पण त्याचे बेट व्हायला दोन वर्षे जातात. ठोंबाची पाती वीतभर ठेवून वरची कापावीत, मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळावीत आणि त्याच दिवशी लावावेत. ढगाळ दिवस मिळाला तर शंभरातले नव्वद लागतात असा अनुभव आहे.

रोगकिडी फारशा नसतात. गवती चहाच्या पात्यांवर पावसाळ्यात तांबेरा दिसला तर तेवढी पाती कापून टाकावीत आणि बेटात वारा खेळेल असे पाहावे. कुंडीतील गवताच्या बुडाशी पिठ्या ढेकूण आला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवून निंबोळी अर्क फवारावा. घुशीने बेटाखाली बीळ केले असेल तर बेट अचानक एका बाजूला कलते. तेव्हा खणून पाहण्याशिवाय इलाज नाही.

गच्चीवर किंवा सदनिकेच्या गॅलरीत लावायचे असेल तर सोळा इंची कुंडी घ्यावी आणि गवती चहा किंवा फाउंटन ग्रास लावावे. कुंडीत खोल जाण्याची सोय नसल्याने वर सांगितलेले पाण्याचे अंतर इथे चालत नाही. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावे लागते आणि विभागणी दर दोन वर्षांनी करावी लागते. वाळा कुंडीत लावूच नये. माझ्या गच्चीवरच्या सिमेंटच्या कुंडीला त्याच्या मुळांनी दीड वर्षात तडा दिला.

तुरे घरात ठेवण्यासाठी हवे असतील तर ते पुरते फुलण्याआधी, आवरणातून जेमतेम बाहेर आले असताना, सकाळचे दव वाळल्यावर कापावेत, दहा-दहांची जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत तीन आठवडे उलटी टांगावी आणि मग बिनपाण्याच्या फुलदाणीत ठेवावेत. उशिरा कापलेले तुरे घरभर कापूस उडवतात. सगळे तुरे मात्र कापू नयेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळी मुनियांचे थवे वाळलेल्या दांड्यांवर उतरतात, एकेक दांडी त्यांच्या भाराने जमिनीपर्यंत वाकते आणि पक्षी चोचीत कणीस धरून तिथेच लोंबकळत बिया खातो. मी दर बेटाला निम्मे तुरे त्यांच्यासाठी राखतो. त्या दांड्या मग रोहिणीतल्या छाटणीतच निघतात.